न रडणारं बाळ: आठव्या दिवशी दूध ओढणं थांबलेल्या मुलीचं प्रकरण

मुलगी, वय आठ दिवस. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, विट्यापासून थोडं आत. आईचं पहिलं बाळंतपण, माहेरी. वडील केरळात गलाईच्या दुकानात; सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी परराज्यात गेलेला माणूस या भागात घरटी सापडतो. बाळाला घेऊन आले ते आई, आजी, मामा आणि गावच्या आशाताई. आशाताईंच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, वजन उतरलंय.’ आम्हाला पुढे जे कळलं त्याचा निम्माअधिक भाग त्या ओळीत आधीच होता. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

आजींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. “पोरगी लई गुणाची हाय डॉक्टर. चार-चार तास झोपती. रडणं म्हणून न्हाई.” त्यात त्यांना काळजीचं काही दिसत नव्हतं. आधीची नातवंडं रात्ररात्र रडलेली. ही शांत, म्हणून घरात समाधानच होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पिणं कमी पडलेली जी बाळं उशिरा येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी हेच वाक्य ऐकू येतं. भुकेलं बाळ रडतं, हे खरं. पण बरेच दिवस उपाशी राहिलेल्या बाळाला रडायलाही ताकद उरत नाही, हेही तितकंच खरं.

जन्म आणि पहिले चार दिवस

३६ आठवडे पूर्ण होऊन एक दिवस झाला होता. आईचा रक्तदाब वाढत गेला म्हणून एका खासगी दवाखान्यात सिझेरियन झालं. वजन २,२८० ग्रॅम. जन्मताच रडली, ऑक्सिजन लागला नाही, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही. घरच्यांच्या लेखी सगळं ठीक.

इथेच पहिली फसगत होते. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ दिसायला पुऱ्या दिवसांच्या बाळासारखंच असतं, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही तीच ठेवली जाते. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, पण तो पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. अशी बाळं छातीला लागतात, पाच-सात वेळा ओढतात, दमतात आणि तोंडात स्तन धरूनच झोपी जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बाळ पितंय.

शस्त्रक्रियेनंतर आईला सलाईन, वेदना, रक्तदाबाची औषधं. बाळाला छातीशी घेतलं ते सहा तासांनी. पाठीत इंजेक्शन देऊन सिझेरियन झालं असेल तर आई जागीच असते आणि तासाभरात बाळ छातीशी देता येतं, पण त्यासाठी शेजारी कोणीतरी उभं राहावं लागतं. तोवर दोनदा चमच्याने पावडरचं दूध दिलं होतं. तिसऱ्या रात्री पान्हा भरून आला, छाती घट्ट होऊन ठणकू लागली. चौथ्या दिवशी घरी सोडलं. कार्डावर जन्माचं वजन होतं, टाक्यांची तारीख होती, घरी सोडतानाचं वजन नव्हतं. सिझेरियनचं बाळ चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातं, म्हणजे वजन किती उतरलं ते कळायचा नेमका हाच दिवस. वजनकाट्यावर बाळ ठेवायला एक मिनिट लागतं.

घरी

पाचवी झाली. शेक-शेगडी, धुरी, तेल लावून न्हाऊ घालणं, सगळं रीतीने चाललं होतं. आई दर दोन-तीन तासांनी बाळाला घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास छातीशी धरून बसायची. सहाव्या दिवशी छाती मऊ पडली, ठणका थांबला. बाळ आता सगळं दूध संपवतंय, असा घरात अर्थ लावला गेला. बाळाचं वजन वाढत असतं तर तो अर्थ बरोबरही ठरला असता. इथे उलटं घडत होतं. साचलेलं दूध निघालं नाही, म्हणून शरीराने ते बनवणंच आवरतं घेतलं.

आजींनी मध बोटावर चाटवला होता, सहाणेवर उगाळून गुटी दिली होती, आणि ‘उष्णता झालीय’ म्हणून उकळून गार केलेलं पाणी दोन-तीनदा बोंडल्याने (चोचीच्या वाटीने) पाजलं होतं. यातलं काही त्यांनी लपवलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. विचारणारा दटावणीच्या सुरात विचारतो म्हणून घरचे पुष्कळदा खरं सांगत नाहीत. पाण्याने इवलंसं पोट भरतं, ताकद काहीच मिळत नाही. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं, ओढणं सोडतं. म्हणून हिच्या बाबतीत तीही शक्यता मनात ठेवावी लागली.

मी लघवीबद्दल विचारलं तेव्हा आजींनी पिशवीतून एक लंगोट काढून दाखवला. पांढऱ्या सुती कापडावर रुपयाएवढा विटकरी-गुलाबी डाग, कडेला भुकटीसारखं काही सुकलेलं. रक्त असेल म्हणून त्यांनी तो न धुता ठेवला होता. ते रक्त नव्हतं, युरिक आम्लाचे स्फटिक होते. पहिल्या एक-दोन दिवसांत असा डाग दिसला तर घाबरायचं कारण नसतं, पण चौथ्या दिवसानंतर दिसला तर लघवी फार घट्ट होतेय, म्हणजे दूध पोटात जात नाहीये. आदल्या दिवशी लघवी दोनदाच झाली होती. या वयाला दिवसातून निदान सहा वेळा कापड ओलं व्हायला हवं. शी अजून काळपट हिरवी, तीही दोन दिवसांतून एकदा. पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी व्हायला हवी होती.

आशाताई

आशाताईंना हे बाळंतपण सातव्या दिवशी संध्याकाळी कळलं. सरकारी कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बघते. सिझेरियन असेल तर भेटी सातव्या दिवसापासून. पण या मुलीची नोंद सासरच्या गावच्या यादीत होती आणि बाळ-बाळंतीण माहेरी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एका गावची यादी दुसऱ्या गावाला आपोआप कळत नाही. या फटीत किती बाळांचा पहिला आठवडा निघून जात असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आठव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. कुंची, झबलं, दुपटं सगळं उतरवून बाळाला झोळीच्या काट्यात घातलं. वजन दोन किलोच्या आत. मग आईला म्हणाल्या, आता माझ्यासमोर पाजा. आणि नुसत्या बघत बसल्या. बाळाने तोंड लावलं आणि तसंच पडून राहिलं. तळपायाला टिचकी मारली तरी तोंड वेडंवाकडं करून पुन्हा झोपलं. त्यांनी १०८ला फोन लावला. गाडीत बाळाला आईच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवून वरून शाल गुंडाळली, म्हणून तासगावमार्गे सांगलीपर्यंतच्या वाटेत ते आणखी गारठलं नाही.

बारसं आटोपून दाखवू, असं मामांचं मत होतं. चार दिवसांनी हे बाळ कोणत्या अवस्थेत आलं असतं, किंवा आलं असतं का, सांगता येत नाही.

तपासणी, आणि आणखी काय असू शकलं असतं

वजन १,९३० ग्रॅम. जन्मापासून ३५० ग्रॅम उतरलं होतं, म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. ७ टक्क्यांपुढे गेलं की डोळ्यात तेल घालून बघायचं, १० टक्के ओलांडले की वाट बघत थांबायचं नाही. तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, कावीळ तळपायांपर्यंत उतरलेली. हात-पाय गार, तापमान ३६ अंश सेल्सिअस. छातीवर बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंद लागत होते. त्वचेचा चिमटा काढला तर ती सुरकुतली नाही, कणकेसारखी मऊसर लागली. या शेवटच्या खुणेमुळे मला रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, वाढल्याची शंका आली. सोडियम वाढलेलं असलं की पाणी पेशींमधून बाहेर ओढलं जातं, त्वचा भरलेली वाटते, आणि बाळ जितकं सुकलंय तितकं दिसत नाही.

दूध न ओढणं हे लक्षण आहे, आजार नव्हे. एवढ्या लहान जिवाकडे तक्रार सांगायचे मार्ग मोजकेच: पिणं सोडणं, सुस्त पडणं, गार किंवा गरम होणं, श्वास वाढणं, झटके येणं. जंतुसंसर्ग, साखर उतरणं, हृदयदोष, चयापचयाचा जन्मजात बिघाड, या सगळ्यांची सुरुवात अशीच होऊ शकते. म्हणून ‘दूध पुरलं नाही’ या सोप्या उत्तरावर लगेच विसंबता येत नाही. जांघेतली नाडी हाताला लागतेय का पाहिलं, हाता-पायाचा ऑक्सिजन वेगवेगळा मोजला, कारण महाधमनी अरुंद असलेली बाळं साधारण याच दिवसांत अचानक कोसळतात. टॉर्चने टाळ्याच्या मागच्या मऊ भागापर्यंत पाहिलं. तिथली फट नुसत्या बोटाने सुटू शकते. जीभ मोकळी होती. थायरॉइडची तपासणी पाठवली, रक्तात जंतू वाढतात का हे बघणारं कल्चर पाठवलं, आणि ते येईपर्यंत प्रतिजैविकं सुरू केली. ४८ तासांत कल्चरमध्ये काही वाढलं नाही, तेव्हा ती बंद केली.

रिपोर्ट आले. सोडियम १६१, जे १४५च्या आत हवं. साखर ४२, म्हणजे कमी. काविळीचं प्रमाण सांगणारं बिलिरुबिन १७.८. मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. हृदय, थायरॉइड ठीक. न पिण्यामुळे सुकलेलं बाळ, रक्तात मीठ वाढलेलं, त्यावर कावीळ. आणि हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबत नाही: पोटात दूध कमी म्हणून शी कमी, शी कमी म्हणून कावीळ जास्त, काविळीने बाळ आणखी झोपाळू, म्हणून दूध आणखी कमी.

उपचार: घाई न करण्याची घाई

साखर शिरेतून लगेच दिली, ऊब दिली, फोटोथेरपीच्या निळ्या दिव्याखाली ठेवलं. पण सोडियम उतरवायची घाई करायची नव्हती. मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते, “सलाईन जरा जोरात सोडा की.” त्यांना समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग होता. रक्तात मीठ वाढलं की मेंदूच्या पेशी स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतात. मग रक्तातलं मीठ एकदम उतरवलं तर पाणी त्या पेशींत शिरतं, मेंदूला सूज येते, झटके येतात. दिवसाला १० ते १२ यापेक्षा जास्त उतरवायचं नाही, हा नियम आम्ही कसोशीने पाळला. २४ तासांनी १५४, ४८ तासांनी १४७, ७२ तासांनी १४२. झटका आला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ती पहिल्यांदा खणखणीत रडली आणि आजी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

सलाईनसोबत नाकातल्या नळीने दूध पहिल्या दिवसापासून सुरू होतं. कोणतं दूध, हा खरा प्रश्न.

आईचं दूध

माझ्या मते हे प्रकरण बाळाच्या खाटेवर अर्धंच सुटलं. उरलेलं अर्धं आईकडे होतं, आणि आल्यापासून तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. रक्तदाब मोजला तर १५०/९६. घरी गेल्यावर ‘बाळंतपण झालं, आता कशाला’ म्हणून गोळ्या थांबवल्या होत्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब पुन्हा चढू शकतो, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्तनपानात चालतील अशी औषधं सुरू केली. दोन्ही स्तनाग्रांना चिरा होत्या. बाळ फक्त बोंडशी धरत होतं, भोवतालचा काळा भाग तोंडात येतच नव्हता. पाणीही तिला मोजून मिळत होतं. तहान लागेल तेवढं पी, म्हणून सांगितलं.

पहिल्यांदा हाताने दूध काढलं तेव्हा दोन्ही बाजूंचं मिळून ८ मिली निघालं. वाटीच्या तळाशी पसरलेलं ते दूध बघून ती रडू लागली. “माझ्यात दूधच न्हाई.” सिस्टर शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडं विहिरीचा उपसा थांबला की पाझर बसतात ना? तसं झालंय. उपसा सुरू करू.” खानापूर तालुक्यातल्या मुलीला याहून जास्त समजवावं लागलं नाही. दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध काढायचं, त्यातलं एकदा तरी मध्यरात्रीनंतर, कारण रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं. दूध वाढवायची गोळी मामांनी मागितली, शतावरीबद्दल आजींनी विचारलं. स्तन रिकामा होणं यापेक्षा मोठं औषध नाही, असं मी सांगितलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू तिने जरूर खावेत. तिला ताकद हवीच आहे.

पहिले काही दिवस कमी पडणाऱ्या दुधाची भर पावडरच्या दुधाने काढली. याबद्दल मला अपराधी वाटत नाही, आणि आईलाही वाटू दिलं नाही. बाळ आत्ता जगवायचं असतं, आणि आईचं दूध वाढायला काही दिवस द्यावे लागतात. फक्त दोन अटी होत्या: पावडर दिली म्हणून दूध काढणं एकदाही चुकवायचं नाही, आणि बाटली आणायची नाही. मामांनी मेडिकलमधून आणलेली बाटली परत गेली. तिच्या जागी आजींचं बोंडलं आलं, रोज २० मिनिटं उकळून, चोचीच्या आत बारीक ब्रश फिरवून. बाळाला उसंगात तिरपं धरून, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवून, ते आपण ओतायचं नाही, बाळाला घोट घेऊ द्यायचा, हे कसब आजींच्या हातात आमच्या नव्या सिस्टरांपेक्षा जास्त होतं.

दुपारचे दोन तास आणि रात्रीचे तीन तास बाळ आईच्या उघड्या छातीवर. दाखल झाल्यापासून पाचव्या दिवशी तिथेच तिने स्वतःहून तोंड फिरवून स्तन शोधला. या वेळी पकड खोल बसवली: खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. आधी भराभर, उथळ ओढणं. मग अर्ध्या-पाऊण मिनिटाने लय बदलली. जबडा पूर्ण खाली जायचा, क्षणभर थांबायचा, आणि घशातून ‘क्क’ असा हलका आवाज यायचा. तो थांबण्याचा क्षण म्हणजे घोट. आईला आम्ही घड्याळाकडे बघणं सोडायला लावलं आणि हे घोट मोजायला शिकवलं. पाच मिनिटांनी घोट थांबले, नुसतं चघळणं उरलं, तेव्हा स्तन हाताने हलके दाबला. पुन्हा चार घोट. मग दुसरी बाजू. शेवटी काढलेलं दूध बोंडल्याने. पूर्ण फेरी अर्ध्या तासात संपवायची, नाहीतर बाळ पिऊन जेवढं कमावतं तेवढं दमून घालवतं.

दाखल झाल्यापासून चौथ्या दिवशी एका वेळी ३० मिली निघत होतं, सातव्या दिवशी ४५. बाळाची तेव्हाची गरज साधारण तेवढीच होती. पावडर बंद झाली. वडील व्हिडिओ कॉलवर रोज एकच विचारायचे, आज किती ग्रॅम?

पुढे

जन्मापासून सतराव्या दिवशी २,२४० ग्रॅम वजनावर घरी सोडलं. त्याआधी सलग तीन दिवस वजन रोज २० ते ३० ग्रॅमने वाढलं होतं. घरी सोडतानाचं वजन कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, आशाताईंना फोनवरही कळवलं. पहिले दोन आठवडे त्या चार-चार दिवसांनी वजन करून आल्या. झोपेतून उठवून तीन तासांनी पाजायचं, हे महिनाभर चाललं. असं बाळ उठेल तेव्हा पाजू म्हणून चालत नाही. तिसाव्या दिवशी २,६४० ग्रॅम. पाचव्या आठवड्यात बोंडलं सुटलं. ४२व्या दिवशी ३,०२० ग्रॅम आणि बाळसं धरल्याची पहिली चिन्हं. व्हिटॅमिन डीचे ४०० युनिट रोज सुरू होते, नंतर लोहाचे थेंबही.

कावीळ आणि सोडियम दोन्ही झाल्यामुळे तिसऱ्या महिन्यात कानांची तपासणी केली, ती ठीक आली. सहाव्या महिन्यात वजन ६,१०० ग्रॅम. पालथी पडते, खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेते. वरणभात कालवून, तूप घालून सुरू केला आहे, अंगावरचं दूध चालू आहे. मायलेकी आता सासरी आहेत. तिथल्या आशाताईंकडे माहेरच्या आशाताईंनी सगळी वजनं लिहून पाठवली. पुढची भेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लसीच्या वेळी. तेव्हा आधाराशिवाय बसणं, बोटांची पकड आणि हाकेला वळणं पुन्हा पाहायचं आहे, कारण सोडियम एवढं चढलेल्या बाळात मेंदूवरचा परिणाम कधी कधी उशिरा लक्षात येतो.